मायटोकॉन्ड्रियाच्या घड्या फक्त पृष्ठफळ वाढवायला असतात का?

सूक्ष्मदर्शी

मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या अंगकाची, आकृती आपण सगळ्यांनीच कधी ना कधी काढलेली असते. लांबट गोल, आत नागमोडी रेघ, चार बाण, चार नावं: बाह्य पटल, आतील पटल, क्रिस्टी (आतील पटलाच्या घड्या), आधारक (सगळ्यात आतला द्रव). खाली एक ठरलेलं वाक्य असतं, ‘आतील पटलाला घड्या असल्याने पृष्ठफळ वाढते व जास्त ऊर्जा तयार होते.’

वाक्य खरं आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर या रचनेतली सगळ्यात विलक्षण गोष्ट सुटून जाते, म्हणून हा धागा.

नुसतं क्षेत्रफळच हवं असतं तर साध्या, उघड्या चुण्याही पुरल्या असत्या. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज पलाडे आणि फ्रिट्यॉफ स्योस्ट्रँड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मायटोकॉन्ड्रियाचे पातळ छेद पाहिले. पलाडेंना आतल्या पटलाच्या रुंद तोंडाने आत वळलेल्या चुण्या दिसल्या आणि तेच चित्र पुस्तकांत स्थिरावलं. पुढे १९९०च्या दशकात इलेक्ट्रॉन टोमोग्राफी आली. एकच नमुना वेगवेगळ्या कोनांतून टिपून त्याची त्रिमित रचना उभी करता येऊ लागली, तेव्हा चित्र बदललं. क्रिस्टी म्हणजे चपट्या पिशव्या किंवा नळ्या निघाल्या. बाकीच्या आतल्या पटलाशी त्या जोडलेल्या असतात त्या अगदी अरुंद तोंडांनी, साधारण १२ ते ४० नॅनोमीटर रुंदीच्या.

म्हणजे बाह्य आणि आतील पटलांमधली फट आणि क्रिस्टीच्या आतली पोकळी एकमेकींना जोडलेल्या असल्या तरी एकच जागा नाहीत. मधे अरुंद दार आहे. त्या तोंडाशी ‘मायकॉस’ नावाचा प्रथिनांचा संच बसलेला असतो. तो काढून टाकला की तोंडं नाहीशी होतात आणि क्रिस्टी मूळ पटलापासून सुटून आधारकात वेगळ्या पडतात.

पेशी एवढा खटाटोप करते तो कशासाठी? माझं उत्तर थोडक्यात असं: मायटोकॉन्ड्रियाचं काम म्हणजे पटलाच्या दोन बाजूंमध्ये फरक निर्माण करणं आणि तो टिकवणं. तिथली प्रत्येक रचना त्या फरकाभोवती फिरते. पृष्ठफळ हा त्यातला फक्त एक भाग. ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी भर घालावी, खोडूनही काढावं.

---

परीक्षार्थी

धागा आवडला. एक मूलभूत शंका आहे. बाह्य पटल सच्छिद्र आणि आतलं पटल जवळजवळ अभेद्य, असं आम्हाला शिकवतात. दोन्ही मेदाचीच पटलं, मग इतका फरक का? आणि आतलं पटल इतकं घट्ट असेल तर कच्चा माल आत जातो कसा?

---

सूक्ष्मदर्शी

@परीक्षार्थी, बाह्य पटलात ‘पोरिन’ नावाच्या प्रथिनांचे मार्ग असतात. साधारण ५००० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) रेणू त्यातून सहज ये-जा करतात. पायरुवेट (ग्लुकोज तुटून बनणारा रेणू), एडीपी (ज्याला फॉस्फेट जोडून पेशीचं ऊर्जेचं चलन एटीपी बनतं), फॉस्फेट, आयन सगळे त्यात आले. त्यामुळे लहान रेणूंच्या बाबतीत पटलांमधली फट आणि पेशीद्रव्य यांत फारसा फरक उरत नाही. मोठी प्रथिनं मात्र अडतात.

आतल्या पटलात असे मोकळे मार्ग नाहीत. प्रत्येक पदार्थासाठी वेगळा वाहक आहे. पायरुवेटचा वेगळा (त्याची जनुकं २०१२ मध्ये ओळखली गेली), फॉस्फेटचा वेगळा, एडीपी-एटीपीच्या अदलाबदलीचा वेगळा. शिवाय या पटलात वजनाने प्रथिनंच मेदापेक्षा कितीतरी जास्त, सुमारे तीन-चतुर्थांश. उरलेल्या मेदात ‘कार्डिओलिपिन’ हा चार शेपट्यांचा खास मेद असतो. सर्वसाधारण फॉस्फोलिपिडला दोनच शेपट्या असतात.

हे पटल घट्ट का लागतं, ते पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलं. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीतून (आतल्या पटलातल्या प्रथिनसंचांच्या साखळीतून) ऑक्सिजनकडे जाताना जी ऊर्जा सुटते, तिच्या जोरावर प्रोटॉन (H⁺) आधारकातून बाहेर ढकलले जातात. ते परत येतात ‘एटीपी सिंथेज’ या पटलातल्या प्रथिनयंत्रातून, आणि येता येता एटीपी तयार होतो. त्या काळी बहुतेक जण श्वसन आणि एटीपी यांना जोडणाऱ्या एखाद्या उच्च ऊर्जेच्या रासायनिक मध्यस्थाच्या शोधात होते. मिचेल यांचं म्हणणं असं की तो दुवा म्हणजे पटलाच्या दोन बाजूंमधला फरकच आहे. १९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

---

परीक्षार्थी

म्हणजे टाकीला बारीक भोक असेल तर पंप कितीही चालवला तरी पाणी साठणार नाही, तसं?

---

सूक्ष्मदर्शी

अगदी तसंच. आणि याचा पुरावा फार सुंदर आहे. १९७४ मध्ये एफ्रेम रॅकर आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी कृत्रिम मेदपिशव्या बनवल्या. त्यात एका सूक्ष्मजीवाचा प्रकाशावर चालणारा प्रोटॉन पंप बसवला आणि गाईच्या हृदयाच्या मायटोकॉन्ड्रियातून काढलेलं एटीपी सिंथेज बसवलं. श्वसनसाखळी नाही, अन्न नाही. प्रकाश टाकला आणि एटीपी तयार झाला. दोन अगदी परक्या यंत्रांना जोडायला बंद पिशवी आणि प्रोटॉनचा फरक एवढंच पुरलं. पिशवी गळकी केली की एटीपी बंद.

---

ओहम

मी भौतिकशास्त्राचा माणूस, त्यामुळे आकड्यांकडून येतो.

आतल्या पटलावर सुमारे १५० ते १८० मिलिव्होल्टचा विभवांतर असतो. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण पटलाची जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. ०.१५ व्होल्टला ५ नॅनोमीटरने भागा: मीटरमागे ३ कोटी व्होल्ट. हवा साधारण मीटरमागे ३० लाख व्होल्टला फुटून ठिणगी पडते. त्याच्या दहापट क्षेत्र हे पटल अखंड पेलतं. असं पटल किती निर्दोष असायला हवं, याचा अंदाज यावरून यावा.

दुसरं गणित क्रिस्टीचं. ५०० नॅनोमीटर व्यासाची आणि आत २० नॅनोमीटर पोकळी असलेली एक चपटी क्रिस्टी धरा. आतलं आकारमान सुमारे ४ × १०⁻¹⁸ लिटर भरतं. पीएच ७ असेल तर त्या जागेत मुक्त प्रोटॉन किती? लिटरमागे १०⁻⁷ मोल आणि मोलमागे ६ × १०²³ कण धरून गुणाकार केला तर उत्तर येतं ०.२४. म्हणजे सरासरी एकही मुक्त प्रोटॉन नाही!

त्यामुळे ‘पोकळीत प्रोटॉनचा मोठा साठा होतो’ असं चित्र डोळ्यांसमोर आणू नये. बहुतेक प्रोटॉन पटलाच्या पृष्ठभागावरच्या आणि प्रथिनांवरच्या गटांना चिकटलेले असतात, एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत पुढे जातात. पंपातून बाहेर पडलेला प्रोटॉन सिंथेजपर्यंत पोचायचा तर दोघांमधलं अंतर आणि मधला पृष्ठभाग महत्त्वाचा ठरतो. क्रिस्टीची पोकळी अरुंद असण्याला इथे अर्थ येतो.

---

रानवारा

०.२४ वाचून थांबले आणि स्वतः करून पाहिलं. बरोबर आहे. इतकी वर्षं चित्रांत बाहेरच्या बाजूला दाटीवाटीने काढलेले H⁺ बघत आलो आपण.

---

जीवरसायन

ओहम यांच्या प्रतिसादाला जोडूनच लिहितो, कारण मला या विषयातला सर्वात मोलाचा भाग इथेच वाटतो.

क्रिस्टीच्या पटलावर प्रथिनं कुठेही विखुरलेली नसतात. श्वसनसाखळीचे संच (पहिला, तिसरा, चौथा, बरेचदा एकत्र गटाने) क्रिस्टीच्या सपाट बाजूंवर असतात. एटीपी सिंथेज मात्र क्रिस्टीच्या कडेवर, जिथे पटल सर्वात तीव्र वळतं तिथे रांगेने बसलेलं असतं. तेही एकेकटं नव्हे, जोडीने. जोडीतली दोन यंत्रं एकमेकांना समांतर उभी नसतात, इंग्रजी व्ही अक्षरासारखी कलंडलेली असतात. यीस्टमध्ये त्यांच्यातला कोन काटकोनाच्या आसपास आहे.

आता ही कलती जोडी सपाट पटलात बसवली तर काय होईल? पटल वाकेल. अशा जोड्यांची रांग लागली की पटलाला धार येते, आणि तीच क्रिस्टीची कड. यीस्टमध्ये सिंथेजच्या जोड्या जुळवणारी छोटी उपप्रथिनं काढून टाकल्यावर एटीपी सिंथेज सुटं सुटं काम करत राहिलं, पण क्रिस्टींचा आकार पार बिघडला आणि आतलं पटल एकात एक गुंडाळलेल्या थरांसारखं झालं.

म्हणजे आधी घडी पडली आणि मग तिच्यावर यंत्रं येऊन बसली, असा क्रम नाही. ऊर्जा बनवणारं यंत्रच घडी पाडतं. ‘रचना कार्याला आधार देते’ असं आपण म्हणतो. इथे कार्य करणारा रेणूच रचना घडवतो, आणि त्या रचनेत तो स्वतः चांगलं काम करतो. मला जीवशास्त्रात याहून घट्ट नातं क्वचितच दिसलं आहे.

या यंत्राबद्दल थोडं. पटलात रुतलेला भाग प्रोटॉनच्या प्रवाहाने फिरतो, त्याला जोडलेला दांडा आधारकातल्या डोक्यात फिरतो आणि एका फेऱ्यात तीन एटीपी बाहेर पडतात. पॉल बॉयर यांनी हे फिरणं सुचवलं, जॉन वॉकर यांनी १९९४ मध्ये डोक्याची रचना दाखवली. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी दांड्याला चमकणारा ॲक्टिनचा धागा जोडून तो गोल फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिला. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर नोबेलचे मानकरी झाले. सस्तन प्राण्यांत फिरत्या चक्राचे आठ घटक असतात, म्हणजे तीन एटीपींना आठ प्रोटॉन.

---

परीक्षार्थी

मग एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी हे कुठून आलं? काही ठिकाणी ३२ दिसतं, काही ठिकाणी ३०.

---

जीवरसायन

३८ हा जुना हिशेब. एनएडीएच आणि एफएडीएच२ हे अन्नातले इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीपर्यंत नेणारे रेणू; त्यात एका एनएडीएचमागे पूर्ण तीन आणि एफएडीएच२ मागे पूर्ण दोन एटीपी धरत. आता अनुक्रमे सुमारे २.५ आणि १.५ धरतात. एनएडीएचच्या इलेक्ट्रॉनजोडीमागे दहा प्रोटॉन बाहेर जातात (पहिला संच ४, तिसरा ४, चौथा २). एक एटीपी बनवून पेशीद्रव्यात पोचवायला सुमारे चार प्रोटॉन खर्ची पडतात, कारण फॉस्फेट आत आणण्यातही एक प्रोटॉन जातो.

३० की ३२ याचं उत्तरही रचनेतच आहे. ग्लायकोलिसिस (ग्लुकोज तोडण्याचा पहिला टप्पा) पेशीद्रव्यात होतं, तिथे बनलेला एनएडीएच आतलं पटल ओलांडू शकत नाही. त्याचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या रेणूंच्या हवाली करून आत न्यावे लागतात. मॅलेट-अस्पार्टेट मार्गाने नेले तर पूर्ण मोल मिळतं, ग्लिसरॉल फॉस्फेटच्या मार्गाने नेले तर कमी. पेशी कोणता मार्ग वापरते त्यावर आकडा ठरतो.

परीक्षेत तुमच्या पुस्तकातला आकडा लिहा, पण हे समजून ठेवा.

---

तळटीप

चर्चा उत्तम चालली आहे, पण मी पृष्ठफळाची बाजू घेणार आहे. धाग्याच्या शीर्षकात त्याला जरा कमी लेखल्यासारखं वाटलं.

यकृताच्या पेशीचं उदाहरण घ्या. पेशीतल्या सगळ्या पटलांचं एकूण क्षेत्रफळ शंभर धरलं तर पेशीचं बाहेरचं आवरण त्यात फक्त दोनच्या आसपास भरतं. मायटोकॉन्ड्रियाचं बाह्य पटल सात, आणि आतलं पटल एकटंच बत्तीसच्या घरात! एका अंगकाच्या एका पटलाने पेशीच्या पटलसंपत्तीचा एक-तृतीयांश हिस्सा घ्यावा, ही काही किरकोळ गोष्ट नाही.

आणि गरजेनुसार ते बदलतं. हृदयाच्या स्नायुपेशीत आकारमानाचा सुमारे तिसरा हिस्सा मायटोकॉन्ड्रिया असतात, आणि त्यांत क्रिस्टी इतक्या दाट की आधारकाला जागा कमी. यकृताच्या मायटोकॉन्ड्रियात क्रिस्टी तुलनेने विरळ आणि आधारक ऐसपैस, कारण तिथे युरिया चक्राचे पहिले टप्पे आणि बरीच इतर रसायनं आधारकातच होतात. म्हणजे घड्या जास्त हव्यात की आधारक, हे अवयवाच्या कामावर ठरतं. १९६७ मध्ये जॉन हॉलोझी यांनी उंदरांना नियमित पळवून दाखवलं की स्नायूंमधली मायटोकॉन्ड्रियाची श्वसनक्षमता जवळपास दुप्पट होते. दीर्घ सराव केलेल्या सहनशक्तीच्या खेळाडूंमध्ये क्रिस्टींची दाटीही जास्त आढळते.

विद्यार्थ्याला एकाच वाक्यात उत्तर द्यायचं तर मी पृष्ठफळच सांगेन.

---

सूक्ष्मदर्शी

@तळटीप, मुद्दा मान्य, आणि यकृत-हृदयाची तुलना मी स्वतः द्यायला हवी इतकी चांगली आहे. माझा आग्रह एवढाच की ‘पृष्ठफळ’ या शब्दानंतर पूर्णविराम नको. अधिवृक्क ग्रंथीच्या स्टेरॉइड बनवणाऱ्या पेशींत क्रिस्टी नळ्यांच्या असतात, हृदयात चपट्या थरांच्या. दोन्हींत पृष्ठफळ वाढतं, पण आकार वेगळा आहे आणि कामही वेगळं. स्टेरॉइड बनवण्याची पहिली पायरी, कोलेस्टेरॉलची बाजूची साखळी तोडणं, आतल्या पटलावरच होते.

---

शुश्रूषा

मी वैद्यकक्षेत्रातली. घड्या बिघडल्या की माणसाचं काय होतं, ते लिहिते.

सूक्ष्मदर्शी यांनी क्रिस्टीच्या अरुंद तोंडाबद्दल लिहिलं. श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉन वाहून नेणारं सायटोक्रोम सी हे छोटं प्रथिन बहुतांशी क्रिस्टीच्या पोकळीत असतं. त्याचं वजन सुमारे १२,००० डाल्टन, म्हणजे पोरिनमधून ते बाहेर पडू शकत नाही. पेशीला मरणाचा आदेश मिळतो तेव्हा बाह्य पटलाला वेगळीच मोठी छिद्रं पडतात, क्रिस्टींची ठेवण बदलते आणि सायटोक्रोम सी पेशीद्रव्यात येतं. तिथे ते पेशी मोडून टाकणाऱ्या विकरांची साखळी सुरू करतं. १९९६ मध्ये शियाओडोंग वांग यांच्या गटाने हे दाखवलं. एकच प्रथिन पोकळीत असताना जगवतं, बाहेर आलं की मारतं. फरक फक्त जागेचा.

क्रिस्टींची तोंडं आवळून धरण्यात ‘ओपीए१’ या प्रथिनाचा हात आहे. त्याच्या जनुकात दोष असेल तर दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिचेता हळूहळू क्षीण होतात. बहुधा लहानपणीच दृष्टी मंदावू लागते आणि अनेकदा मुलाला चष्मा लावूनही दिसत नाही म्हणून घरचे धावपळ करतात.

दुसरा आजार बार्थ सिंड्रोम. त्यात कार्डिओलिपिनला अंतिम रूप देणारं विकर बिघडतं. एका मेदाच्या शेपट्या चुकीच्या लागतात, क्रिस्टी विस्कटतात आणि लहान मुलग्यांचं हृदय कमकुवत होतं. या मुलांकडे पाहिल्यावर आतल्या पटलाची रचना हा माझ्यासाठी फक्त अभ्यासाचा विषय राहत नाही.

---

रानवारा

शुश्रूषाताई, फार मोलाचा प्रतिसाद. पटल मुद्दाम गळकं केलं तर काय होतं? वजन कमी करायच्या एका औषधाबद्दल असं काहीतरी वाचलं होतं.

---

शुश्रूषा

डायनायट्रोफिनॉल. हा रेणू मेदात विरघळतो आणि प्रोटॉन स्वतःबरोबर पटलापार नेतो. सिंथेज बाजूला राहतं, श्वसन भरधाव चालतं आणि ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते वजन घटवायला विकलं जायचं. शरीराचं तापमान आवरेना म्हणून माणसं दगावली, कित्येकांना मोतीबिंदू झाला, आणि १९३८ मध्ये ते माणसांच्या वापरातून हटवलं गेलं. कृपया कोणीही हे कुठूनही मागवू नये. परिणामकारक आणि प्राणघातक मात्रेत अंतर फार थोडं आहे आणि त्यावर उतारा नाही.

शरीर मात्र हीच गळती काबूत ठेवून वापरतं. नवजात बाळाच्या तपकिरी मेदपेशींतल्या आतल्या पटलात ‘यूसीपी१’ हे प्रथिन असतं. थंडीत ते प्रोटॉनला मोकळी वाट देतं आणि बाळ उबदार राहतं. या पेशींत क्रिस्टी भरपूर असतात, पण त्या मानाने एटीपी सिंथेज खूपच कमी.

---

जीवरसायन

आकृतीबद्दल एक राहिलं. घेवड्याच्या दाण्यासारखा तो आकार बऱ्याच अंशी पातळ छेदामुळे दिसतो. जिवंत पेशीत मायटोकॉन्ड्रिया बहुधा लांब, फाटे फुटलेल्या जाळ्याच्या रूपात असतात, सतत जोडले जातात, तुटतात. तरी आतली प्रत्येक क्रिस्टी बऱ्यापैकी स्वतंत्र राहते. २०१९ मध्ये असं दिसून आलं की एकाच मायटोकॉन्ड्रियातल्या शेजारच्या क्रिस्टींचा विभवही वेगवेगळा असू शकतो. एकीत बिघाड झाला तरी दुसरी चालू राहते. अरुंद तोंडांचा हा आणखी एक उपयोग.

---

परीक्षार्थी

शेवटची शंका. आधारकात डीएनए असतो, तो या सगळ्यात कुठे बसतो? हजाराहून जास्त प्रथिनं केंद्रकाच्या जनुकांवरून बनून बाहेरून येतात, मग थोडी आत का ठेवली?

---

जीवरसायन

माणसात तो डीएनए १६,५६९ जोड्यांचा आहे, १९८१ मध्ये पूर्ण वाचला गेला. ३७ जनुकं, त्यांतली फक्त १३ प्रथिनांची. आता ही १३ कुठली ते बघा: पहिल्या संचाची सात, तिसऱ्याचं एक, चौथ्याची तीन, एटीपी सिंथेजची दोन. सगळीच्या सगळी आतल्या पटलात रुतणारी.

कारणं दोन दिली जातात. एक, यांतली बहुतेक प्रथिनं पाण्याला इतकी नकोशी की पेशीद्रव्यात बनवून दोन पटलांपलीकडे नेणं अवघड. दुसरं जॉन ॲलन यांनी मांडलेलं, की प्रत्येक मायटोकॉन्ड्रियाला आपल्या श्वसनसाखळीच्या स्थितीनुसार जागेवरच जनुकं चालू-बंद करता यावीत. दोन्ही कारणं एकत्र खरी असायला हरकत नाही. रचनेतही ते दिसतं: डीएनएचे पुंजके आतल्या पटलालगत असतात, आणि आतले रायबोझोमही (प्रथिनं बनवणारी यंत्रं) त्याच पटलाला चिकटून प्रथिनं थेट त्यात ओवतात.

दुसऱ्या संचाचं मात्र एकही जनुक तिथे नाही. आणि चार संचांपैकी प्रोटॉन न ढकलणाराही तोच एकटा.